हळू फ्लो योगा शिकायचाय, पण दहा मिनिटांतच धाप लागते आणि मनगटं दुखतात, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46, दिवसभर खुर्चीत बसून काम, याआधी योगा कधी केलेला नाही. 'बिगिनर्स जेंटल फ्लो' असं नाव असलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ लावून रोज सकाळी करायला घेतलं, पण दहाव्या मिनिटाला धाप लागते, व्हिडिओतली बाई पुढे निघून जाते, मनगटं दुखतात, आणि आता वाटायला लागलंय की आपलं अंगच आखडलेलं आहे, हे आपलं काम नाही. तर सुरुवात कशी करायची, आणि यापेक्षा सरळ सूर्यनमस्कारच घालावेत का?

आधी उत्तर सांगून टाकते, कारणं नंतर. व्हिडिओ महिनाभर बंद ठेवा. सूर्यनमस्कार पण आत्ता लगेच नको. आधी उताणं झोपून, मग रांगण्याच्या पोझिशनमध्ये आणि मग उभं राहून, अशा क्रमाने पाच-सहाच हालचाली घ्या आणि त्याच त्याच करा, इतक्या की पुढे काय हे आठवावं लागू नये. आणि तुमच्या श्वासाचा जो वेग तोच हालचालीचा वेग ठेवा, व्हिडिओतल्या बाईचा नाही, शेजारच्या मॅटवरच्या मैत्रिणीचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या लोकांना मी पहिले काही आठवडे एवढंच करायला लावते आणि बरेच जण वैतागतात, की मॅडम आज पण तेच का. हो, तेच.

अंग आखडलेलं असण्याचं मनावर घेऊ नका. या प्रकारात आखडलेल्या लोकांचं तसं बरं असतं, कारण थोडं पुढे गेलं की लगेच ताण जाणवतो आणि माणूस थांबतो. ज्यांचं अंग फार लवचिक आहे, लहानपणी डान्स वगैरे केलेला आहे, ते धपकन शेवटच्या पोझिशनमध्ये जाऊन पडतात आणि सगळा भार सांध्यांवर टांगून ठेवतात. त्यांना हळू हलायला शिकवणं मला जास्त जड जातं.

आता हे व्हिडिओ इतके पळत का असतात त्याचं थोडं सांगते, कारण त्यात तुमचं उत्तर दडलेलं आहे. एका आसनातून दुसऱ्यात श्वासासोबत जायचं, ज्याला विन्यास म्हणतात, तो प्रकार आज जसा दिसतो त्याचं मूळ बरंचसं 1930 च्या दशकातल्या म्हैसूरमध्ये आहे. तिथल्या जगनमोहन पॅलेसमधल्या योगशाळेत तिरुमलाई कृष्णमाचार्य शिकवायचे, महाराजांच्या आश्रयाने, आणि समोर असायची मुख्यतः कोवळ्या वयाची पोरं. त्या वयात उडी मारून पाय मागे टाकणं, परत उडी मारून पुढे आणणं हे सगळं खेळासारखं जमतं. तिथलेच विद्यार्थी पट्टाभि जोइस, त्यांचा अष्टांग विन्यास पुढे जगभर गेला, आणि आज जिम आणि स्टुडिओत जो 'फ्लो' चालतो तो बराचसा त्या झाडाचीच फांदी. आपल्या पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार पण त्याच योगशाळेतून आलेले, 1937 साली ते पुण्यात आले आणि त्यांनी पुढे एकेका आसनात नीट थांबण्यावर आणि पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरण्यावर भर दिला. म्हणजे एकाच गुरूकडून निघालेल्या वाटा बघा किती वेगळ्या.

पण मला तुम्हाला तिसऱ्या वाटेबद्दल सांगायचंय. कृष्णमाचार्य 1950 च्या दशकात मद्रासला गेले, तिथे त्यांच्याकडे आजारी माणसं, नोकरदार, वयस्क असे लोक येऊ लागले आणि शिकवायची पद्धत त्या माणसांप्रमाणे बदलत गेली. त्यांचे चिरंजीव टी. के. व्ही. देशिकाचार यांनी तीच बाजू पुढे नेली, की आसन माणसाच्या मापाचं करायचं, हालचाल साधी, श्वास लांब आणि तीच हालचाल परत परत. 46 वर्षांच्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसाला लागतो तो फ्लो हा आहे. यात उड्या नाहीत, घामाघूम होणं नाही, आणि बघणाऱ्याला हे फार काही भारी दिसत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ कमी चालतात, असं आपलं माझं मत.

आता श्वास. सगळे सांगतात की वर जाताना श्वास घ्या आणि खाली वाकताना सोडा, ते बरोबरच आहे, छाती उघडते तिथे आत, पोट दुमडतं तिथे बाहेर. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: श्वास आधी सुरू करायचा, हालचाल त्याच्यानंतर क्षणभराने, आणि हालचाल आधी संपवायची, श्वास तिच्यानंतर क्षणभराने संपेल असा. म्हणजे हालचाल श्वासाच्या आत बसली पाहिजे. आत्ता वाचता वाचता करून बघा, हात मांडीवर ठेवा, श्वास घ्यायला लागा, मग हात उचलायला लागा, खांद्याच्या उंचीला हात थांबवा आणि उरलेला श्वास पूर्ण घ्या. सोडताना तसंच. तीन-चार वेळा केलं की हात आपोआप हळू होतात, मुद्दाम हळू करायची गरज पडत नाही. झोपाळा टोकाला पोचल्यावर जेवढा थांबतो ना, तेवढंच दोन श्वासांच्या मध्ये थांबायचं, त्याहून जास्त श्वास कोंडून धरायचा नाही.

मोजायचंच असेल तर चार अंक आत, चार अंक बाहेर, हळूहळू सोडणं पाच-सहा अंकांवर जाईल, जाऊ दे. श्वास नाकानेच. तोंड उघडावं लागलं की समजायचं वेग जास्त झाला किंवा हालचाल जास्त मोठी झाली, तिथेच ती निम्मी करा. हा एवढा एक नियम पाळलात तर धाप लागण्याचा प्रश्न संपला. नवीन हालचाल करताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो, आणि श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब वर जातो, त्यामुळे बीपीवाल्यांनी तर याकडे खास लक्ष द्यायचं. यावर साधा उपाय म्हणजे श्वास सोडताना तोंड मिटून गुणगुणायचं, भ्रामरीसारखं पण हळू. आवाज येतोय म्हणजे श्वास चालू आहे, आवाज अडखळला म्हणजे कुठेतरी जोर लावताय. घरचे हसतात थोडे दिवस, हसू देत.

आता प्रत्यक्ष हालचाली. पहिला आठवडा फक्त उताणं झोपून. गुडघे दुमडलेले, पावलं जमिनीवर, कमरेच्या रुंदीइतकी लांब. श्वास घेत दोन्ही हात डोक्यावरून मागे जमिनीकडे, सोडत परत बाजूला. खांदा आखडलेला असेल, आणि या वयात फ्रोझन शोल्डर बऱ्याच जणांना होतो, डायबेटिस असेल तर जास्तच, तर हात फक्त छताकडे न्या आणि तिथून परत या. सहा वेळा पुरे. मग दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून सोडताना गुडघे पोटाकडे, घेताना हात सरळ होईपर्यंत लांब, यात कंबर जमिनीवर दाबली जाते आणि सुटते, तेवढीच मजा आहे त्यात. मग सेतुबंध: घेताना कंबर उचला, सोडताना पाठीचा एकेक मणका जमिनीला टेकवत खाली या, वरून खाली, माकडहाड सगळ्यात शेवटी. इथे खूप जणांच्या मांडीच्या मागे गोळा येतो आणि घाबरून सोडून देतात. टाचा नितंबांच्या जवळ घ्या आणि कंबर थोडी कमी उचला, बहुतेक वेळा गोळा यायचा थांबतो. पावलं लांब राहिली की सगळा भार मांडीच्या मागच्या स्नायूंवर येतो म्हणून ते होतं. शेवटी दोन्ही गुडघे एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, सोडताना खाली, घेताना मध्ये. संपलं. पंधरा मिनिटं होतात याला, श्वास नीट असेल तर.

दुसऱ्या आठवड्यापासून रांगण्याची पोझिशन, म्हणजे मार्जारासन. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तुमच्या मनगटाचं दुखणं इथलं आहे आणि या एका हालचालीत पुढच्या सगळ्या फ्लोचं काम होतं.

गुडघ्याखाली चादरीची घडी. गुडघे खुब्याच्या बरोबर खाली. तळहात मात्र खांद्याच्या अगदी खाली न ठेवता चार बोटं पुढे ठेवा, कारण अगदी खाली ठेवले की मनगट काटकोनात दुमडतं आणि वर भार येतो, आणि दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या मनगटाला त्या कोनाची सवयच नसते. हात पुढे नेले की कोन सैल होतो. बोटं पसरा. आता भार तळहाताच्या मागच्या बाजूला, मनगटाजवळ जो गादीसारखा भाग असतो तिथे पडतोय का बघा, जवळपास सगळ्यांचा तिथेच पडतो. तो पुढे सरकवायचाय, अंगठा आणि तर्जनीच्या मुळाशी. बोटांच्या टोकांनी मॅट जरा पकडल्यासारखी करा म्हणजे मनगटावरचा भार तेवढा उचलला जातो. तरी दुखलं तर नॅपकिनची वळकटी करून तळहाताच्या मागच्या भागाखाली ठेवा, किंवा मुठीवर करा, किंवा सरळ कोपर टेकवून करा. काही बिघडत नाही. आणि कोपर पूर्ण ताठ लॉक करू नका, पण ढिलेही सोडू नका.

आता हालचाल. श्वास घेताना पाठ खाली आणि छाती पुढे, सोडताना पाठ वर गोल. सगळ्यांना माहीत असतं हे. पण दहातले आठ जण हे मानेने करतात. माझ्याकडे एक काकू यायच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, त्यांची मान झपाझप वरखाली व्हायची आणि पाठ फळीसारखी एका जागी. मी त्यांच्या दोन खांद्यांच्या मध्ये, ब्लाऊजच्या गळ्याच्या खाली जरा, तळहात ठेवला आणि म्हटलं, मान विसरा, सोडताना माझा हात छताकडे ढकला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पण नाही. तिसऱ्यांदा मधला भाग किंचित, खरंच किंचित वर आला आणि त्या तिथेच थांबून म्हणाल्या, अगं बाई, इथे पण काहीतरी आहे होय. तर ते 'काहीतरी' शोधायचंय. सोडताना सुरुवात माकडहाडापासून करा, माकडहाड आत वळवा, मग कंबर, मग मधली पाठ, मग खांदे, आणि डोकं सगळ्यात शेवटी, आपोआप लोंबकळेल तेवढंच. घेताना पण माकडहाडच आधी वर, डोकं शेवटी, आणि डोकं छताकडे फेकायचं नाही, समोरची भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे नजर. घरी कुणी नसेल हात ठेवायला तर पाठीवर एक छोटी उशी ठेवून घ्या, ती कुठे हलतेय ते कळतं.

हे जमलं की यालाच पुढे जोडायचं: सोडताना पाठ गोल करत करत नितंब टाचांकडे मागे न्यायचे, शशांकासनाकडे, आणि घेताना छाती पुढे करत परत रांगण्यात. देशिकाचारांच्या परंपरेत याला चक्रवाकासन म्हणतात. इथे तुमचा पहिला खरा फ्लो सुरू होतो, दोन जागा आणि मधला रस्ता. गुडघे दुखत असतील तर टाचांवर पूर्ण बसायचं नाही, अर्ध्यावरूनच परत फिरा, किंवा पोटरी आणि मांडीच्या मध्ये जाड उशी. आठ-दहा वेळा करा आणि बघा की मधल्या रस्त्यावर कुठे झटका बसतो का, कुठे तुम्ही पटकन निसटून जाता का. बहुतेकांना परत वर येताना बसतो, कारण तिथे ते हातांनी ओढून येतात. पोट आत घेऊन या, हात फक्त आधाराला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभं राहायचं. उभं राहून हात वर-खाली, श्वासाबरोबर, एवढंच आधी दोन-तीन दिवस. मग वाकणं, पण जमिनीकडे नाही, डायनिंग टेबलकडे. टेबलावर किंवा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे मागे जा, पाठ सरळ, गुडघे वाकवलेले. गुडघे सरळ ठेवून पायाला हात लावायची आपल्याकडे फार हौस, शाळेत पीटीच्या तासाला तेच करून घेतलंय ना सगळ्यांकडून. खुर्चीत बसून बसून मांडीच्या मागचे स्नायू आखूड झालेले असतात, ते बैठकीच्या हाडाला बांधलेले असतात, त्यामुळे गुडघे सरळ ठेवले की ते कंबरेला पुढे वळूच देत नाहीत आणि मग सगळं वाकणं कमरेच्या खालच्या दोन मणक्यांतून होतं. उसण भरते ती तिथेच. गुडघे बिनधास्त वाकवा, पोट मांडीला टेकलं तरी चालेल. वर येताना घाई नको, हात मांड्यांवर, पाठ आधी, डोकं शेवटी, आणि वर आल्यावर एक पूर्ण श्वास उभं राहा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना इथे चक्कर येऊ शकते, त्यांनी खुर्ची जवळच ठेवायची.

आणि एक जागा आहे जिथे नवे लोक हमखास अडकतात, ती सांगून मग सूर्यनमस्काराकडे येते. पर्वतासनातून, म्हणजे तळहात आणि पावलं जमिनीवर आणि नितंब वर अशा डोंगरासारख्या पोझिशनमधून, पाय दोन हातांच्या मध्ये पुढे आणणं. व्हिडिओत पाय सुळकन येतो, आपला येतो तो अर्ध्या रस्त्यात, मग माणूस हाताने घोटा पकडून पाय ओढून पुढे आणतो, श्वास तुटतो, मनात येतं की छे. पाय छोटे असतात असं काही नाही. पायाला पुढे यायला जागाच केलेली नसते. आधी मागे राहणाऱ्या पायाचा गुडघा टेकवा. मग पुढे येणाऱ्या पायाच्या बाजूचा हात बोटांच्या टोकांवर घ्या किंवा ठोकळ्यावर, ठोकळा नसेल तर जाडजूड पुस्तक, म्हणजे खांदा वर उचलला जातो. श्वास पूर्ण घ्या. सोडताना पाठ मार्जारासनासारखी गोल करून गुडघा छातीला लावा आणि मग पाऊल ठेवा. आणि दोन पावलांत आणलंत तरी चालतं, आधी अर्ध्यात, मग पुढे, पण दोन्ही पावलं एकाच सोडत्या श्वासात. घोटा ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सूर्यनमस्कार तर आपल्या घरचाच फ्लो आहे. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याचा ध्यासच घेतला होता, स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांना घालायला लावायचे. आज कुणी 10 अंकांत शिकवतं, कुणी 12, कुणी प्रत्येक अंकाला मंत्र म्हणतं, त्यावर भांडत बसू नका, ज्या शिक्षकाकडे जाल त्याचं करा. पण नमस्कारात एका मिनिटात वाकणं, मागे जाणं, हातांवर भार, जमिनीवर उतरणं, परत उठणं, सगळं येतं, आणि यातला साष्टांग उतरण्याचा भाग हा चांगला ताकदीचा आहे, तो हळू करायला दंड आणि पोट दोन्ही लागतं. नवा माणूस तिथे धाडकन पडतो. म्हणून वर सांगितलेले तुकडे आधी पाठ झाले की नमस्कार सोपा करून घाला: मागे जाताना गुडघे टेकवा, साष्टांग गाळा आणि चक्रवाकासनातूनच पुढे सरकत पोटावर या, भुजंगासन अगदी लहान, बेंबी जमिनीला टेकलेली, मग परत रांगत, मग पर्वतासन. सुरुवातीला दोन किंवा तीन, एकेक अंकाला गरज पडली तर दोन-दोन श्वास. रथसप्तमी आली की ग्रुपवर 108 नमस्कारांचे चॅलेंज सुरू होतात, त्यात वर्षभर काही न करणारे पण उतरतात, आणि पुढच्या आठवड्यात खांदा आणि कंबर धरून बसतात. ज्यांची रोजची सवय आहे त्यांनी खुशाल घालावेत.

आता कुणी जपायचं ते. काचबिंदू असेल किंवा बीपी ताब्यात नसेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नको, म्हणजे पर्वतासन आणि पूर्ण वाकणं दोन्ही बाद, टेबलाला धरून करा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून जोरात पुढे वाकणं आणि जोरात पीळ देणं टाळा, मणका दबून फ्रॅक्चर व्हायचा धोका असतो, मार्जारासनातही पाठ गोल करणं अगदी सौम्य किंवा मग नाहीच. पायात मुंग्या किंवा कळ जात असेल तर आधी डॉक्टर, मग योगा. डायबेटिसची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांबलचक सेशन करू नका, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा की आधी काय खायचं. गरोदर असाल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याचं शिक्षण घेतलेल्या शिक्षकाकडेच जा. बाकीच्यांनी जेवणानंतर तीन-चार तासांनी करावं, सकाळी चहा घेतला असेल तर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

ताण आणि दुखणं यात फरक कसा करायचा असं सगळे विचारतात. स्नायूच्या मधोमध, मोठ्या भागात पसरलेलं ओढल्यासारखं वाटतंय आणि श्वास चालू आहे, तर चालेल. सांध्यात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी टोचतंय, चमक मारतेय, किंवा करून झाल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतंय, तर ते थांबवा. तुमच्या मनगटाला वरचे सगळे बदल करूनही दोन आठवड्यांत आराम पडला नाही, किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरना दाखवा, ती कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस दबल्याची तक्रार असू शकते आणि ती योगाने आपोआप जाईल असं धरून बसू नका.

सामानाचं फार डोक्यात घेऊ नका. चार ते सहा मिलिमीटरची न घसरणारी मॅट पुरे. दहा-बारा मिलिमीटरच्या गुबगुबीत मॅट स्वस्तात मिळतात पण त्यात तळहात रुततो आणि मनगट आणखी मागे दुमडतं, तुमच्याकडे तसली असेल तर दुखण्याचं एक कारण तेच असेल कदाचित. फरशीवर नुसती सतरंजी घसरते, तीवर उभ्याने काही करू नका. पायात मोजे नकोत.

शेवटी शवासन पाच मिनिटं तरी, ते सगळ्यात जास्त लोक गाळतात, डबे भरायचे असतात, ऑफिसची बस असते. वेळ कमीच असेल तर आधीचं काहीतरी गाळा, पण हे ठेवा. पाठ दुखत असेल तर पोटऱ्या खुर्चीवर ठेवून झोपा. आणि आठवड्यातून एकदा दीड तास करण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं, हे वेगळं सांगायला नको. वजन कमी होईल का असं तुम्ही विचारलेलं नाही पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून सांगते, या हळू प्रकाराने फारसं नाही, त्यासाठी भरभर चालणं आणि जेवणाकडे बघणं हेच करावं लागेल. अंग मोकळं होईल, सकाळी उठताना कंबर धरावी लागणार नाही, झोप बरी लागेल, हे बहुतेकांच्या बाबतीत होताना मी बघते.

महिन्याने व्हिडिओ परत लावलात तर बघू नका, ऐका. पर्वतासनात मान वर करून स्क्रीन बघणं हे मान दुखण्याचं पक्कं कारण आहे. आधी एकदा बसून पूर्ण बघून घ्या, मग फोन पालथा ठेवून फक्त आवाजावर करा, आणि स्पीड पाऊणवर ठेवा. आवाज झोपेत बोलल्यासारखा येतो, त्याची सवय होते. आणि शक्य असेल तर महिना-दोन महिने कुणाकडे तरी प्रत्यक्ष शिका, कारण पाठ कुठे हलत नाहीये हे आपलं आपल्याला दिसत नाही. क्लास निवडताना जाहिरात आणि सर्टिफिकेट बघण्यापेक्षा एक दिवस ट्रायलला जा आणि दोनच गोष्टी बघा: तुमचं दुखणंखुपणं आणि औषधं सुरू करण्याआधी विचारली का, आणि ज्याला जमत नाही त्याला दुसरा पर्याय दिला जातो का. काही न विचारता पहिल्याच दिवशी बारा नमस्कार घालून घेतले तर वर्षाची फी भरू नका, दुसरीकडे चौकशी करा.